व्हर्लिनची उजवी बाजू

व्हर्लिन टॅकेटला मिठी मारायची तर डावीकडून मारायची, हे सेडर ब्रँच गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रविवारी सकाळी तो चर्चच्या दारात उभा असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवत. आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याला भेटताना मुद्दाम अर्धी प्रदक्षिणा घालून त्याच्या डाव्या अंगाला यायच्या. उजव्या कमरेला, शर्टाच्या आत, ते असायचं.

ते म्हणजे पिस्तूल. आखूड नळीचं, पंजात मावेल एवढं, कोणाला दिसू नये म्हणूनच घेतलेलं. आता ओक्लाहोमात कमरेला पिस्तूल असणं म्हणजे आपल्याकडे खिशात रुमाल असण्यासारखं, त्यामुळे त्याचं कौतुक कोणाला असायचं कारण नव्हतं. पण व्हर्लिनने ते इतकं मन लावून लपवलं होतं की सगळ्या गावाला ते पाठ झालं होतं. नवी पोस्टमास्तरीण बदलून आली तेव्हा तिला पहिल्या आठवड्यात गावाने दोन गोष्टी सांगितल्या: पुलावरून ट्रक नेऊ नको, आणि व्हर्लिनला डावीकडून भेट.

व्हर्लिनचा धंदा गॅसच्या टाक्या भरायचा. मोठा पांढरा ट्रक घेऊन तो मळ्यामळ्यांवर फिरायचा आणि घरामागच्या टाक्यांत गॅस सोडायचा. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा त्याच्या ट्रकमधून कोणीतरी जेवणाचा डबा पळवला. डब्यात ओलेटाने, म्हणजे त्याच्या बायकोने, केलेलं मांसाचं सँडविच होतं. पुढच्याच शनिवारी व्हर्लिन पिस्तूल घेऊन घरी आला.

"सँडविचसाठी माणूस मारणार होय रे तू?" ओलेटाने विचारलं.

"आज सँडविच आहे. उद्या काय असेल, सांगता येतं?"

"उद्या उरलेली कोंबडी आहे," ओलेटा म्हणाली.

त्यानंतर त्याच्यावर संकटं आली नाहीत असं नाही. एकदा एका हंसाने त्याला तळ्यापासून ट्रकपर्यंत पळवत आणलं. एकदा टाकीच्या झाकणाखाली गांधीलमाशा निघाल्या. एकदा तो शिडीवरून पडला. या तिन्ही वेळी पिस्तूल कमरेला होतं आणि तिन्ही वेळी त्याचा उपयोग झाला नाही. उलट शिडीवरून पडला तेव्हा तो त्याच्यावरच पडला आणि महिनाभर कमरेवर पिस्तुलाच्या आकाराचा काळानिळा डाग घेऊन फिरला. पण पडूनही पिस्तुलाला काही झालं नाही, हे तो जो भेटेल त्याला सांगत सुटला.

कारण व्हर्लिनचं प्रेम पिस्तुलावर नव्हतंच म्हणा, त्याच्या भरवशावर होतं. गावातली तरणी पोरं नवं पिस्तूल घ्यायच्या आधी त्याचा सल्ला घ्यायला यायची आणि नेम कसा लागतो, वजन किती, असले प्रश्न विचारायची. व्हर्लिन कॉफीचा कप खाली ठेवायचा.

"नवं पिस्तूल म्हणजे नवा जावई. पहिली दोन वर्षं सगळेच गुणाचे. दहा उन्हाळे तुझा घाम पिऊन झाला, बनियनचे धागे खाऊन झाले, गाडीच्या पट्ट्याखाली दबून झालं, की मग बघायचं. हे बघ, एकोणीस वर्षं. एकदाही अडकलं नाही. एकदा म्हणजे एकदासुद्धा नाही."

हे तो "हे बघ" म्हणून सांगायचा आणि दाखवायचा मात्र नाही. लपवायचं होतं ना.

दर शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून तो ते खोलायचा. दात घासायचा ब्रश, नळी धुवायचं औषध, तेलाचा थेंब. नळीच्या कडेला मोहरीएवढा गंज दिसला तर त्या दिवशी जेवण बेताचंच जायचं. आतली स्प्रिंग थकायच्या आधीच तो बदलायचा. ओलेटा समोर पेन्सिलीने शब्दकोडं सोडवत बसलेली असायची. तिने पिस्तुलाचं नावच 'धाकटा जावई' ठेवलं होतं.

"थोरल्याला कधी एवढं विचारलं नाहीस," ती म्हणायची.

थोरला, म्हणजे खरा, जावई न्यू जर्सीत होता. मुलगी डेनिस लग्न करून तिकडे गेली, तिकडेच तिला मुलगी झाली, मॅरेन. आणि सगळं दुखणं तिथे होतं. न्यू जर्सीत व्हर्लिनचा पिस्तुलाचा परवाना चालत नव्हता. कमरेला काही न लावता त्या राज्यात पाय ठेवायचा म्हणजे व्हर्लिनच्या लेखी अंघोळीच्या टॉवेलवर बाजारात जाण्यासारखं होतं. ओलेटा दोनदा एकटी विमानाने जाऊन आली. नातीला तिने सांगून ठेवलं होतं की आजोबांचं विमान बिघडलंय. पोर फोनवर दर वेळी विचारायची, "पापॉ, तुझं विमान झालं का नीट?"

"मेकॅनिक बघतोय, सोन्या," व्हर्लिन म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघायचा.

मागच्या वर्षी चर्चच्या सहभोजनात ओलेटाने त्याला चारचौघांत धरलं. बटाट्याच्या सॅलडचा चमचा हातात होता, तो तिने त्याच्यावर रोखला.

"त्याने तुला एकदा जरी दगा दिला, तर येशील का न्यू जर्सीला?"

"ज्या दिवशी याचा चाप ओढून गोळी सुटणार नाही," व्हर्लिन म्हणाला, "त्या दिवशी हे कुलपात टाकीन आणि पुढच्या विमानात बसेन. इतक्या वर्षांत झालं नाही ते आता काय होणार?"

"ब्रदर लाइल, ऐकलंत ना?" ओलेटा पास्टरना म्हणाली. पास्टर लाइलच्या तोंडात कोंबडी होती. त्यांनी मान हलवली, आणि चर्चमध्ये पास्टरने मान हलवली की गोष्ट पक्की होते.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला, डेनिस मॅरेनला घेऊन चार दिवस घरी आली. आता इथे जे झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं.

व्हर्लिनला घरात बसून सराव करायची सवय होती. बैठकीच्या भिंतीवर त्याने पकडलेला एक भला मोठा मासा पेंढा भरून लावला होता. संध्याकाळी बातम्या संपल्या की तो पिस्तूल काढायचा, माशाच्या डोळ्यावर रोखायचा आणि चाप ओढायचा. खट्. मासा आ वासून सगळं सहन करायचा. या कामासाठी बाजारात लाल प्लॅस्टिकची खोटी काडतुसं मिळतात. पण व्हर्लिनला ती पटेनात. त्यांचं वजन बरोबर नाही, हाताला खोटी सवय लागते, म्हणाला. म्हणून त्याचा मित्र हॉयट बर्जेस, जो घरच्या घरी काडतुसं भरायचा, त्याने त्याला खास खोटी काडतुसं करून दिली: पितळ खरं, गोळी खरी, फक्त आत दारू नाही. आणि बुडाशी जिथे ठिणगी पडते तिथे पेन्सिलीचं रबर कापून बसवलेलं, पिस्तुलाची पिन दुखावू नये म्हणून. टॅकेटांच्या घरात एकाही पेन्सिलीला रबर उरलं नव्हतं. ओलेटा शब्दकोड्यात चुकली की चुकीवरच गिरवायची.

खरी काडतुसं एका मॅगझीनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या डबीत, खोटी दुसऱ्यात. दोन्ही मॅगझिनं जुळी. ओळख म्हणून खोट्याच्या बुडाला ओलेटाच्या नखपॉलिशचा लाल ठिपका.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ओलेटा बैठकीत आली तर मॅरेन सोफ्यावर उभी, एक डोळा मिटलेला, बोट माशावर रोखलेलं. "खट्," ती म्हणाली. "पापॉ असंच करतो."

डेनिसचा चेहरा पडला. ओलेटाने व्हर्लिनला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा घरातला सराव कायमचा बंद झाला होता.

पाहुणे गेल्यावर व्हर्लिन उदास झाला. उदास झाला की तो साफसफाई करायचा. त्याने पिस्तूल खोललं, दोन्ही मॅगझिनं रिकामी केली, नळी धुवायच्या औषधात बुडवली, ब्रशने घासघासून आरशासारखी केली. त्या औषधाने नळीतलं जळकं शिसं निघतं, तिथे नखपॉलिशची काय कथा. ठिपका गेला. मग त्याने काडतुसं परत भरली. चष्मा न लावता, कारण संकट आल्यावर चष्मा शोधायला वेळ मिळत नाही, सगळं हाताच्या अंदाजाने यायला हवं, असं त्याचं मत होतं. त्याने अंदाजाने एक मॅगझीन पिस्तुलात बसवलं आणि दुसरं मोज्यांच्या खणात टाकलं.

हिवाळा गेला. वादळांचा मोसम आला आणि गेला. व्हर्लिन गॅस भरत राहिला, चर्चच्या दारात उभा राहत राहिला, खानावळीत दाराकडे तोंड करून बसत राहिला. महिन्यातून एकदा तो मैदानावर जाऊन गोळ्या झाडायचा, पण त्यासाठी स्वस्तातली काडतुसं आणि तिसरं मॅगझीन वेगळं असायचं. रोजचं मॅगझीन तेवढ्यापुरतं तो खिशात ठेवायचा आणि परत बसवायचा. अडकलं नाही. एकदाही नाही.

जूनमध्ये चर्चच्या दारात पहारा देणाऱ्या रखवालदार मंडळींची नेमबाजीची वार्षिक परीक्षा होती. व्हर्लिन त्या मंडळींचा म्होरक्या. परीक्षा हॉयटच्या कुरणात, मातीच्या बांधासमोर. लोखंडी थाळ्या टांगलेल्या. बायका घडीच्या खुर्च्या, भरली अंडी आणि बर्फाचा चहा घेऊन झाडाखाली बसलेल्या. गायी पलीकडच्या कुंपणाशी. नियम व्हर्लिननेच वर्षांपूर्वी घालून दिला होता: घरून जसा निघालास तसाच उभा राहा. कमरेला जे असेल, त्यात जे भरलेलं असेल, तेच झाडायचं.

"म्होरक्या आधी," हॉयट म्हणाला. त्याच्या हातात घड्याळ होतं. "बायकांसमोर जरा झोकात काढ, व्हर्लिन. मागच्या वर्षी शर्टाचं बटण उडालं होतं."

"बटण तुझं उडालं होतं. पोटाने."

शिट्टी वाजली. व्हर्लिनचा डावा हात शर्ट वर घेऊन गेला, उजवा खाली, वर, समोर. एकोणीस वर्षांचं लोणी होतं त्या हालचालीत.

खट्.

झाडाखाली बर्फ वाजत होता तो थांबला.

व्हर्लिनचा हात गडबडला नाही. असं झालं तर काय करायचं हे त्याने हजारदा घोकलं होतं. मॅगझीनला खालून थाप, वरचा भाग मागे खेचला, काडतूस टुणकन गवतात, पुन्हा नेम. खट्. थाप, खेच, टुणकन, नेम. खट्. प्रत्येक वेळी हात सुंदर चालत होता आणि प्रत्येक वेळी एक काडतूस बेडकासारखं गवतात उडी मारत होतं. एक गाय कुंपणाजवळ येऊन बघू लागली. शेवटी मॅगझीन संपलं आणि पिस्तुलाने, जसं चांगल्या पिस्तुलाने करावं तसं, शिस्तीत तोंड उघडून सांगितलं की आता मी रिकामं.

हॉयटने वाकून एक काडतूस उचललं. नाकावरचा चष्मा सारखा केला. उलटं करून बुडाकडे पाहिलं.

"ओलेटा," तो म्हणाला, "तुझ्या पेन्सिलीचं रबर सापडलं गं."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. भरलं अंडं कोणाच्या तरी घशात अडकलं आणि पाठीत बुक्के मारावे लागले. पास्टर लाइल बांधाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. व्हर्लिन तेवढा हसत नव्हता. तो हातातल्या पिस्तुलाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाजेपेक्षा काळजी जास्त होती. त्याला सहभोजन आठवलं होतं. बटाट्याच्या सॅलडचा चमचा आठवला होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "पिस्तुलाने काही चूक केलेली नाही. चाप ओढला, पिन लागली, काडतूस बाहेर फेकलं, नवं घेतलं. सगळं बिनचूक. हॉयट, तू सांग."

"तांत्रिकदृष्ट्या," हॉयट डोळे पुसत म्हणाला, "पिस्तूल निर्दोष आहे. दोषी मोकाट आहे."

"मग पैज लागू होत नाही."

"मी म्हटलं होतं, 'त्याने दगा दिला तर'," ओलेटा खुर्चीवरून म्हणाली. "तू म्हणालास, 'ज्या दिवशी चाप ओढून गोळी सुटणार नाही'. शब्द तुझे. ब्रदर लाइल, तुम्ही होतात ना तिथे?"

पास्टर लाइलनी वळून पाहिलं. "माझ्या तोंडात कोंबडी होती, बहिणी," ते म्हणाले. "मला सगळं नीटसं ऐकू आलं नसेल."

ओलेटाने पुढे वाद घातला नाही. चहाचा पेला गवतात ठेवून ती उठली आणि व्हर्लिनजवळ गेली. डावीकडून, सवयीने.

"कधीपासून आहे हे असं?"

व्हर्लिनने आठवून पाहिलं. साफसफाई, औषध, ठिपका. "थँक्सगिव्हिंग," तो पुटपुटला.

"म्हणजे नाताळात हेच?"

"हो."

"ईस्टरला दारात उभा होतास, तेव्हा?"

"हो."

"टल्सा शहरात पेट्रोलपंपावर मला गाडीत बसवून आधी तू उतरलास, चारी बाजूंनी बघितलंस आणि मग मला उतर म्हणालास, तेव्हा?"

व्हर्लिन बुटाच्या टोकाने गवत उकरू लागला.

"आणि खरी भरलेली मोज्यांत आहेत. म्हणजे घरातला सराव मी बंद केला नसता तर आजवर त्या माशाचा डोळा गेला असता, आणि माशामागे शेजाऱ्यांची न्हाणी आहे."

आता कोणी हसत नव्हतं.

"काय काय झालं रे या दिवसांत?" ओलेटाने विचारलं. "कोणी लुटलं? झोप उडाली तुझी?"

"नाही."

"मग ऐक. पिस्तूल चुकलं का तू चुकलास, ते तुम्ही दोघे बसून ठरवा. मला एवढंच दिसतंय की तू नोव्हेंबरपासून न्यू जर्सीतच राहतोयस. फक्त पोरीला भेटायचं तेवढं राहिलंय."

व्हर्लिन गवतात वाकला आणि एकेक काडतूस वेचू लागला. सगळी वेचून झाली तरी तो वाकलेलाच होता. मग उभा राहून त्याने पिस्तूल हॉयटपुढे धरलं.

"तुझ्या तिजोरीत जागा आहे का?"

"आहे की."

"दर शनिवारी तेलाचा एक थेंब. एकच. जास्त झालं तर धूळ धरतं. आणि दमट जागी ठेवू नको."

"रात्री गोष्ट सांगून झोपवू का?" हॉयट म्हणाला, पण पिस्तूल त्याने दोन्ही हातांनी घेतलं.

विमानतळावर निराळंच संकट उभं राहिलं. वर्षानुवर्षं व्हर्लिन कमरेला दोन इंच मोठी पँट घ्यायचा, आत ते मावावं म्हणून. आता आत काही नव्हतं, आणि तपासणीवाल्यांनी पट्टाही काढायला लावला. सेडर ब्रँच चर्चचा रखवालदारप्रमुख दोन्ही हातांनी पँट धरून यंत्रातून चालत गेला. "हात वर करा," तपासणीवाली म्हणाली. "बाई, एकच करतो," व्हर्लिन म्हणाला. ओलेटा पलीकडे उभी होती. तिने मदत केली नाही. बघत मात्र पुरेपूर राहिली.

विमानात त्याचा उजवा हात सारखा कमरेकडे जायचा, रिकाम्या जागेवर टेकायचा आणि परत यायचा. अर्ध्या वाटेत ओलेटाने तो आपल्या हातात धरून ठेवला. एवढं सोपं आहे हे माहीत असतं तर मी आधीच केलं असतं, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. ते तिने गिळलं.

डेनिसच्या दारात गाडी थांबली. मॅरेन पायऱ्यांवरून धावत आली ती थेट त्याच्या उजव्या अंगाला. व्हर्लिन सवयीने गर्रकन वळला आणि तिच्यापुढे डावी बाजू केली. पोर खेळ समजून पुन्हा उजवीकडे. हा पुन्हा वळला. गाडीमागे सामान काढणाऱ्या जावयाला वाटलं, सासऱ्यांना चक्कर येतेय की काय. तिसऱ्या वेळी तिने त्याला गाठलंच, डोकं त्याच्या उजव्या कमरेवर धाडकन आपटलं आणि दोन्ही हातांनी कवटाळून ती तिथेच राहिली. व्हर्लिन ताठ उभा होता. त्या जागेला कोणी हात लावून एकोणीस वर्षं झाली होती.

मॅरेनने तिथे चाचपून पाहिलं.

"पापॉ, तुझं खट् कुठंय?"

ओलेटा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, कान इकडे ठेवून. पिस्तूल हॉयटच्या तिजोरीत कोरडं, तेल लावलेलं, बिनचूक पडलेलं होतं. चाप ओढला असता, खरं काडतूस असतं, तर या क्षणीही गोळी सुटली असती, याबद्दल व्हर्लिनच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"ते होय?" तो खाली बसत म्हणाला, आणि एका हाताने पँट सावरत दुसऱ्याने त्याने पोरीला जवळ घेतलं. "ते बिघडलं, सोन्या. फार जुनं झालं होतं."

एकोणीस वर्षांत त्याने पिस्तुलाची बदनामी केली ती पहिल्यांदाच, आणि तीही ते हजर नसताना.